सिंह सोडून सगळे

जर्मन माणूस वर्षभर काम करतो ते सुट्टीवर जाता यावं म्हणून, ही गोष्ट भारत सोडताना मला कोणी सांगितली नव्हती. दारू प्यायची नाही, थंडीत कान झाकायचे, असले उपदेश स्टेशनवर पोचवायला आलेल्या प्रत्येकाने केले. पण ‘सुट्टीत कुठे जाणार’ या प्रश्नाचं उत्तर पाठ करून जा, असं सांगणारा एक शहाणा माणूस आमच्या खानदानात निघू नये?

श्टुटगार्टच्या तांत्रिक विद्यापीठात मी धातूंवर प्रबंध लिहीत होतो आणि बायको मालिनीसह त्सुफेनहाउझेनमध्ये दोन खोल्यांत राहत होतो. १९६३ साल. ईस्टर उरकला की हा प्रश्न सुरू होई. प्रोफेसर विचारत, पाववाली विचारे, दात काढणारा डॉक्टर माझ्या तोंडात चिमटा घालून विचारी. पण या सगळ्यांत जिव्हारी लागायचा तो आमच्या शेजारचा हेर, म्हणजे श्रीयुत, फ्लायडरर. हा निवृत्त गृहस्थ, पाठीमागच्या अंगणात ससे पाळायचा, आणि गावातल्या ससे-कोंबड्या पाळणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष होता. हसू नका. तिथे या मंडळाच्या अध्यक्षाला आपल्याकडच्या नगराध्यक्षाइतका मान असतो आणि काम जास्त असतं.

“हेर कांट, यंदा उरलाउबला कुठे?” कुंपणावरून त्याने विचारलं. उरलाउब म्हणजे सुट्टी.

माझं नाव श्यामकांत. त्यातला ‘श्याम’ जर्मन जिभेला पेलत नाही, म्हणून तो सर्वांनी सोडून दिला आणि उरलेल्या भागावर मला त्यांच्या थोर तत्त्ववेत्त्याच्या पंक्तीत नेऊन बसवलं. पहिले सहा महिने मी दुरुस्ती करून पाहिली. नंतर वाटलं, राहू दे, नाहीतरी प्रबंध दोन वर्षं रखडलाय, निदान नाव तरी विद्वानाचं.

“अजून ठरलं नाही,” मी म्हणालो.

“म्हणजे परत घरीच!” सशाला गाजराचा पाला भरवत तो म्हणाला. “अरेरे. आम्ही इटलीला. सरोवर. तेच हॉटेल, तीच खोली, नऊ वर्षं.” आणि त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की सशानेही पाला चावायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

माणसाने किती सोसावं? “आम्ही आफ्रिकेला चाललोय,” मी म्हणालो. “गाडीने.”

हे वाक्य माझ्या तोंडून का गेलं, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. आमच्याकडे गाडी नव्हती. मला गाडी चालवता येत नव्हती. आफ्रिकेत माझं काही अडलेलं नव्हतं. मी घरात येऊन मालिनीला सांगितलं, “फ्लायडररने काही विचारलं तर नुसतं ‘या, या’ म्हण, त्यांच्यातलं हो, हो.” ती म्हणाली, “कशाला?” तेवढ्यात आमची घरमालकीण फ्राऊ हेबरले तळमजल्यावरून वर आली. दोन्ही हात छातीवर. “हेर कांट! सिंह?”

फ्लायडररने कुंपणावरून तिला सांगायला मला जिना चढायला लागतो तेवढाच वेळ घेतला होता.

आता गाडी. माझा मित्र दिनकर आमच्याच विद्यापीठात यंत्रांच्या कंपनांवर संशोधन करत होता, आणि त्याने नुकतीच एक जुनी, पाठीत इंजिन असलेली गोलमटोल गाडी घेतली होती. तिची कंपनं कुठल्याही प्रबंधात मावली नसती. मी त्याच्याकडे गेलो तो, यातून सुटायची वाट दाखव, असं सांगायला. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावर थाप मारली. “चला!”

“अरे, कुठे चला?”

“आफ्रिकेला! श्याम्या, तू आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी शहाणपणाचं बोललास.”

नकाशा पसरून आम्ही जवळात जवळची आफ्रिका शोधली. ती मोरोक्को निघाली. फ्रान्स ओलांडायचा, स्पेन ओलांडायचा, बोटीत गाडी चढवायची की पलीकडे आफ्रिका. तिथे सिंह आहेत की नाहीत हे मी तेव्हा पाहिलं नाही. आफ्रिका म्हटल्यावर सिंह असायचेच, असं मी धरून चाललो. पुण्याला गेल्यावर आपण ‘इथे पुणेकर असतात का’ असं विचारतो का?

पुढचे तीन महिने सल्ल्यांचे गेले. फ्राऊ हेबरलेने सगळं उकळून खायला सांगितलं, कलिंगडसुद्धा, आणि वाळवंटातल्या रात्रींसाठी स्वर्गवासी नवऱ्याचे लोकरी पायजमे काढून दिले. फ्लायडररने सिंहासमोर कसं उभं राहायचं ते कुंपणाजवळ करून दाखवलं. “डोळ्यांत बघायचं, पण उद्धटपणे नाही. ससा काय, सिंह काय, आल्झो, थोडक्यात, तत्त्व एकच.” प्रोफेसर म्हणाले, “तुम्हाला काय, तुम्ही भारतीय, तुम्हाला सवय असेल.” मी साताऱ्याच्या सदाशिव पेठेत वाढलो. तिथे मला सवय झाली होती ती फक्त म्हशींची.

आणि आईचं पत्र आलं: ‘आफ्रिकेत जाताच आहात तर गंगूमावशीचा आत्माराम नैरोबीला असतो, जाता जाता त्याला भेटून या, नाहीतर मावशीला वाईट वाटेल.’ आम्ही जाणार तिथून नैरोबी किती लांब आहे हे मी आईला कळवलं. तिने उलट लिहिलं, ‘एवढं आफ्रिकेपर्यंत जाऊन थोडक्यासाठी कंटाळा करू नये.’

मग वकिलाती. कुठल्या देशाच्या ते सांगत नाही, उगाच संबंध बिघडायचे. पहिल्या वकिलातीने सांगितलं, आधी दुसऱ्या देशाचा व्हिसा आणा, म्हणजे तुम्ही आमच्याकडून पुढे जाणार याची खात्री पटेल. दुसरीने सांगितलं, आधी पहिल्या देशाचा आणा, म्हणजे तुम्ही आमच्यापर्यंत पोचणार याची खात्री पटेल. दोन्ही माणसं इतकी सभ्य होती की भांडायलाही जागा नव्हती. शेवटी दिनकरने एकीत रडून दाखवलं, तेव्हा व्हिसे मिळाले. त्यात आमच्या पासपोर्टवर कुठल्या देशांत जायची मुभा आहे ते टाइप केलेलं असे. त्या यादीत मोरोक्को घालायला मी माझा पासपोर्ट आपल्या वकिलातीकडे पाठवला, तर टाइप करणाऱ्याने मोनॅको घातला. तो परत पाठवला. आता मला जगातल्या श्रीमंतांच्या जुगारखान्यात जायची सरकारी परवानगी आहे, आणि तिचा आजवर काही उपयोग झालेला नाही.

या सगळ्यावर कळस फ्लायडररने चढवला. त्याने आपला कॅमेरा मला दिला, आणि त्याबरोबर कातडी पिशवीत प्रकाश मोजायचं एक यंत्र. बदल्यात नोव्हेंबरमध्ये त्याच्या मंडळापुढे मी पडद्यावर चित्रं दाखवत व्याख्यान द्यायचं. मी ‘बघू’ म्हणालो. मराठीत ‘बघू’ म्हणजे नाही. जर्मनमध्ये त्याचा अर्थ ‘हो’ होत असावा, कारण आठवड्याभरात वाण्याच्या दुकानात भित्तिपत्रक लागलं: ‘सिंहांच्या सहवासात. व्याख्याते: भारतीय संशोधक डॉक्टर कांट.’ खाली आयाळ फुलवलेल्या सिंहाचं चित्र.

“अहो, तुम्ही अजून डॉक्टर नाही,” मालिनी म्हणाली.

“अगं, सिंहाचं काय ते आधी बघ!”

सप्टेंबरच्या सुरुवातीला आम्ही तिघं निघालो. फ्रान्सबद्दल मला फार सांगता येणार नाही, कारण माझ्या मांडीवर तंबू होता आणि तंबूच्या पलीकडे फ्रान्स होता. स्पेनमध्ये तंबू मालिनीच्या मांडीवर गेला, तेव्हा दिनकर गात होता. एकूण मी फ्रान्समध्ये जास्त सुखी होतो. मग बोट लागली, आणि एका सकाळी आम्ही आफ्रिकेच्या भूमीवर उतरलो. मी कॅमेरा गळ्यात घालून सज्ज. समोर धक्क्यावर टुणटुण उड्या मारत आफ्रिकेतला पहिला प्राणी आला.

चिमणी.

“घे फोटो,” दिनकर म्हणाला.

“चिमणीचा?”

“आफ्रिकन चिमणी आहे ती.”

मी फोटो घेतला. दुसरा प्राणी गाढव. तिसरंही गाढव. चौथ्याला मी कॅमेरा उचलला नाही, तर ते गाडीपुढे येऊन उभं राहिलं आणि फोटो घेईपर्यंत हललं नाही. एका पेट्रोलपंपावर मी मोडक्या फ्रेंचमध्ये सिंहांची चौकशी केली. पंपवाला म्हातारा आधी समजला नाही, म्हणून मी डरकाळी फोडून दाखवली. तेव्हा तो इतका हसला की त्याला खुर्ची द्यावी लागली. सिंह? त्याच्या लहानपणी आजोबा सांगायचे म्हणे. आता इथे सिंह पाहायचा तर नाण्यांवर पाहा. त्याने आपल्या मुलांना बोलावलं आणि मला पुन्हा डरकाळी फोडायला सांगितली.

“माकडं आहेत,” जाताना तो दिलासा देत म्हणाला. “डोंगरात.”

महाबळेश्वरला सहलीला गेलेल्या कुठल्याही माणसाला आणखी माकडं बघण्याची हौस नसते. तरी सिंह नाही तर निदान काहीतरी, म्हणून आम्ही देवदारांच्या जंगलात गेलो. माकडं होती. बिनशेपटीची, जाड अंगरखा घातल्यासारखी, आणि चेहऱ्यावर हुबेहूब आमच्या विद्यापीठातल्या रजिस्ट्रारचा भाव. मी प्रकाशाचं यंत्र डोळ्यासमोर धरून वाचत होतो. एक माकड शांतपणे चालत आलं, माझ्या हातातून ते काढून घेतलं आणि फांदीवर जाऊन त्याने ते स्वतःच्या डोळ्याला लावलं.

“त्याच्या डोळ्यांत बघा!” मालिनी ओरडली. “उद्धटपणे नाही!”

मी बघितलं. माकडाने यंत्र चावून बघितलं, ते त्याला आवडलं नाही, आणि त्याने ते दरीत टाकून दिलं. दिनकरने मदत करण्याऐवजी फोटो काढला होता. तिथून पुढे किती प्रकाश आहे ते आम्ही मतदानाने ठरवत असू.

माराकेशच्या चौकात एका गारुड्याने, मी भारतीय आहे हे कळताच, भाऊ भेटल्यासारखा आनंद करून माझ्या गळ्यात नाग घातला. मी काय बोललो ते छापण्यासारखं नाही. पुढे समुद्राकडे जाताना झाडावर शेळ्या दिसल्या. मी परत सांगतो, झाडावर. एका काटेरी झाडाच्या शेंड्यापर्यंत दहा-बारा शेळ्या फांद्यांवर उभ्या राहून फळं खात होत्या, वारा आला की हेलकावत होत्या, आणि खाली गुराखी झोपला होता. मी म्हटलं, दिनकर, गाडी थांबव, मला ऊन लागलंय. तो म्हणाला, मलाही.

या सबंध प्रवासात मालिनीला बरं वाटत नव्हतं. ती वारंवार गाडी थांबवायला लावी आणि परत येऊन डोळे मिटून बसे. मी दिनकरच्या गाडी चालवण्याला दोष दिला. त्याने रस्त्याला दिला. परतीच्या वाटेवर एका कापणी झालेल्या शेताजवळ टायर फुटला. दिनकर गाडीखाली गेला. मालिनी निलगिरीच्या सावलीत हातात उकडलेलं अंडं घेऊन बसली होती, आणि शेतात पन्नासेक करकोचे लांब लाल पाय टाकत, कारकुनी चालीने टोळ वेचत होते. मी तिच्याशेजारी बसलो.

“सिंह नाही मिळाला,” मी म्हणालो. “आता त्या मंडळापुढे माझी अब्रू जाणार.”

“अहो, मला उलट्या होतात ना, त्या रस्त्यामुळे नाहीत.”

“मग ऑलिव्हमुळे असतील. मी तरी सांगत होतो.”

“ऑलिव्हमुळे असं होत नाही,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली. माणूस धातुशास्त्रात पारंगत होत असला तरी काही गोष्टी त्याला उशिरा कळतात. कळली तेव्हा मी उठून उभा राहिलो, परत बसलो, परत उठलो.

“दिनकर!” मी ओरडलो.

“जॅक नीट लागत नाहीये!” गाडीखालून आवाज आला.

मी एवढा खूश झालो होतो की सिंह, माकड, प्रबंध काहीच आठवेना. आणि मग आठवला तो मीटफरट्राग. म्हणजे खोल्यांचा भाडेकरार. त्यात स्पष्ट होतं: कुत्रा नको, पियानो नको, मुलं नकोत. त्या काळी परदेशी माणसाला जागा देणारं घर शोधताना आम्ही पाच महिने दारं वाजवली होती. चेहरा पाहून ‘आत्ताच गेली’ म्हणणारे किती भेटले! एकट्या फ्राऊ हेबरलेने दार उघडं ठेवलं होतं.

“मी तिला अजून बोलले नाही,” मालिनी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “थंडीच्या तोंडावर कुठे शोधायची हो दुसरी जागा?”

तेवढ्यात कळपातला एक करकोचा आमच्याकडे चालत आला. अगदी निवांत. मालिनीपुढे उभा राहून त्याने मान वाकडी केली. तिने नकळत हात पुढे केला आणि त्याने तिच्या तळहातावरचं अंडं अलगद उचललं. गाडीखालून बाहेर आलेल्या दिनकरने तेवढ्यात कॅमेरा दाबला.

“श्याम्या, त्याच्या पायात कडं आहे,” तो म्हणाला, आणि गुडघ्यावर सरकत जवळ गेला. “अरे! ‘गेर्मानिया’ लिहिलंय. हा आपल्याकडचा आहे!”

मी कपाळावर हात मारला. दोन वकिलाती, एक मोनॅको, तीन देश, फुटलेला टायर. आणि आफ्रिकेत शेवटी दर्शन कोणाचं, तर जर्मनीतून बिनव्हिशाने आलेल्या पक्ष्याचं.

व्याख्यानाची संध्याकाळ मी आजारी पडून टाळणार होतो, पण फ्राऊ हेबरलेने काढा करून आणला. गावच्या खाणावळीचा हॉल खच्चून भरलेला. पुढच्या रांगेत फ्लायडरर, टाय लावून. मालिनी शाल गुंडाळून मागच्या कोपऱ्यात, दिनकर प्रोजेक्टरपाशी.

पडद्यावर चिमणी आली. सभ्य शांतता. गाढव आलं. दुसरं गाढव आलं. “हे वेगळं आहे,” मी म्हणालो. मग, दिनकरने काचांचा क्रम चुकवल्यामुळे, मतदानाने काढलेली सात-आठ चित्रं आली, ती पूर्ण काळी. मी त्यांचं वर्णन केलं. मग माकड आलं, डोळ्याला यंत्र लावलेलं, रंग अगदी झकास. प्रकाश त्या क्षणापर्यंत तरी यंत्राने मोजलेला होता.

“ते माझं आहे,” फ्लायडरर हळूच म्हणाला.

“गेनाऊ,” म्हणजे ‘अगदी बरोबर’, मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

शेळ्या आल्या तेव्हा मात्र तो उभा राहिला. “हेर कांट. मी चाळीस वर्षं जनावरं पाळली. शेळी झाडावर चढत नाही.”

“मीही तेच म्हणत होतो. पण त्या चढल्या होत्या.”

“हे दोन फोटो चिकटवलेले आहेत! आणि सिंह कुठाय?”

सभागृहात कुजबुज वाढली. कोणीतरी ‘सिंह, सिंह’ म्हणत बूट आपटायला सुरुवात केली. मी सांगितलं, तिथले सिंह आपल्या जन्माआधीच संपत आले होते. हे वाक्य व्याख्यानाच्या शेवटी म्हणायचं ठरवलं होतं, दाराजवळ उभं राहून. दिनकरने घाईघाईत पुढची काच सरकवली, आणि पडद्यावर मालिनी आणि करकोचा आले. शेळ्या सोडल्या तर एवढा एकच फोटो मतदानात बरोबर आला होता. पायातलं कडंसुद्धा दिसत होतं.

“याच्या पायात जर्मन कडं आहे,” मी पडत्या आवाजात सांगितलं. “हा इथला आहे.”

बूट थांबले. नंतर मला कळलं, की त्या भागातल्या छपरांवरची करकोच्यांची घरटी त्या वर्षांत एकेक करून ओस पडत चालली होती. फ्लायडरर खुर्चीवर चढून पडद्याला नाक लावून कडं वाचू लागला, त्यामुळे सगळ्यांना फक्त त्याची पाठ दिसू लागली आणि लोक त्याच्यावरच ओरडले. एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, आमच्या चर्चवरचा असेल. दुसरी म्हणाली, नाही, आमच्या गोठ्यावरचा.

आणि मग पाववाली खुदकन हसली. जर्मनीत मुलं करकोचा आणून टाकतो, अशी समजूत सांगतात. आपल्याकडे देवाघरून येतात, तिथे चोचीतून येतात. “करकोचा एवढा जवळ आला,” ती म्हणाली, “म्हणजे फ्राऊ कांट...”

हॉलमधल्या सगळ्या बायकांनी एकदम मागे वळून मालिनीकडे पाहिलं. मालिनीने शाल आवळली. ती आवळायला नको होती. शालीखाली आता पाचवा महिना होता.

टाळ्या झाल्या. फक्त फ्राऊ हेबरले बसून राहिली. घरी येताना ती आमच्या चार पावलं पुढे चालली. मालिनी रात्रभर भांडी आवरत होती, खोक्यात भरायची असल्यासारखी.

सकाळी दारावर टकटक. फ्राऊ हेबरले, हातात भाडेकरार. मी रात्री तयार केलेलं भाषण सुरू केलं. “फ्राऊ हेबरले, मानवी जीवनात...”

“हेर कांट, गप्प बसा,” ती म्हणाली. “करारात लिहिलंय, मुलं नकोत. ते माझ्या नवऱ्याने लिहिलं होतं. आमच्याकडे कधी आलं नाही, म्हणून दुसऱ्यांचंही त्याला ऐकू यायला नको होतं.” तिने करार टेबलावर पसरला. “ते असो. तुम्ही ते मूल आफ्रिकेतून किंवा भारतातून आणलं असतं तर मला विचार करावा लागला असता. पण सगळ्या गावाने पाहिलंय. करकोचा इथला आहे. म्हणजे मूल इथलंच. त्याला मी कसं काढू?” आणि खिशातून पेन्सिल काढून तिने ती ओळ खोडली. पियानोची तशीच ठेवली. मग मालिनीला खुर्चीत बसवलं, पायाखाली उशी दिली, आणि मला कोळसा आणायला खाली पिटाळलं.

मार्चअखेर मुलगी झाली. मालिनीच्या आजीचं नाव ठेवायचं आधीच ठरलं होतं: उमा. मी खाली जाऊन फ्राऊ हेबरलेला सांगितलं. तिने दोनदा विचारलं, तोंडावर धरायला पदर नव्हता म्हणून एप्रन धरला आणि रडायलाच लागली. मला वाटलं, काहीतरी चुकलं. जर्मनमध्ये आजीला ‘ओमा’ म्हणतात, हे मला माहीत होतं, पण वेळेवर आठवेल तो मी कसला! संध्याकाळपर्यंत तिने सगळ्या गल्लीला सांगितलं होतं, की भारतीय लोकांनी मुलीचं नाव आपल्यावरून ठेवलं. मी खुलासा करायला तीनदा खाली गेलो. तिन्ही वेळा तिने मला केक खाऊ घालून परत पाठवलं.

आता पोरगी चालायला लागली आहे. मालिनीने जिन्यातून “उमा!” अशी हाक मारली, की एक वरून आणि एक तळमजल्यावरून, अशा दोघी एकदम ओरडतात: “या-आ?” आणि दोघीही जागच्या हलत नाहीत. मग शोधायला मलाच जावं लागतं.